शरीरशुद्धी : कशाची, कुणासाठी आणि कुणाच्या देखरेखीखाली?

हल्ली ‘डिटॉक्स’ हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला आहे. दिवाळीचा फराळ आटोपला की डिटॉक्स, लग्नसराई संपली की डिटॉक्स, आणि वजनकाटा दोन किलोंनी पुढे सरकला तरी डिटॉक्सच! टिळकवाडीपासून वडगावपर्यंत कुठेही जा, कुणी सकाळी उठून दुधीचा रस पितंय, कुणी गुळवेलीचा काढा घेतंय, तर कुणी सात दिवसांच्या शुद्धी शिबिराला नाव नोंदवून आलंय. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या बायकांनी मला एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला, की त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. प्रश्न असा : “अगं, हे शरीर शुद्ध करून घ्यायचं खरंच काही असतं का? करावं का आम्ही?”

उत्तर एका ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये देता येत नाही. कारण या एका शब्दाखाली तीन-चार अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्यातल्या काही शेकडो वर्षं जपलेल्या आहेत, काही निरुपद्रवी आहेत, काही निव्वळ पैसे काढण्याच्या आहेत आणि काही चक्क जिवावर बेतणाऱ्या आहेत. म्हणून आधी त्या वेगवेगळ्या करून पाहू.

एरंडेलाचा रविवार

आपल्या पिढीला शरीरशुद्धी ही काही नवी गोष्ट नाही. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी आजी एरंडेलाची बाटली घेऊन बसायची. कोऱ्या चहात किंवा सुंठीच्या काढ्यात एरंडेल, नाक दाबून एका दमात प्यायचं, वर लिंबाची फोड चोखायची. मग दिवसभर घराच्या मागच्या बाजूला भावंडांची रांग! संध्याकाळी मऊ भात आणि तूप. गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं, एकादशीला उपास, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. या सगळ्यामागे एकच विचार होता, तो म्हणजे पोटाला अधूनमधून विसावा द्यावा.

एरंडेलाने जुलाब का होतात हे आता नीट माहीत आहे. या तेलातून आतड्यात रिसिनोलेइक आम्ल सुटतं आणि ते आतड्याच्या हालचाली वाढवतं. कोठा साफ होतो हे खरं. पण त्यामुळे ‘रक्त शुद्ध झालं’ असं मात्र म्हणता येत नाही. पोटात मळ साठून त्याचं विष अंगात भिनतं, ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधले नामांकित सर्जन सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी याच समजुतीपोटी बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडं काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. पुढे ही कल्पना वैद्यकशास्त्राने सोडून दिली. आपली आजी निदान एरंडेलावर थांबली!

घरचे सफाई कामगार

शुद्धीची औषधं विकत घेण्याआधी आपल्याकडे काय आहे ते पाहावं. आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. अंगातला रक्तद्रव जेमतेम तीन लिटर. म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो आणि त्यातून लघवीवाटे दीड-दोन लिटरच बाहेर पडतो, उरलेला पुन्हा रक्तात जातो. यकृत साधारण दीड किलो वजनाचं. प्रथिनांच्या पचनातून तयार होणाऱ्या अमोनियाचं ते युरियात रूपांतर करतं. दारू, औषधं, रसायनं यांची मोडतोड करून ती पाण्यात विरघळतील अशी करतं, मग ती लघवीवाटे किंवा पित्तावाटे निघून जातात. फुप्फुसं कर्बवायू बाहेर टाकतात. आतड्याचं आतलं अस्तर तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. घामाचं मुख्य काम मात्र अंग थंड ठेवण्याचं. घामावाटे ‘विष’ जातं म्हणून तासभर वाफेत बसण्यात फारसा अर्थ नाही.

ही यंत्रणा बिघडते तेव्हा तिला खरोखर मदत लागते. मूत्रपिंडं थकली की डायलिसिस. शिसं अंगात गेलं तर ते बांधून बाहेर काढणारी औषधं. ऊसमळ्यात वा भाजीच्या शेतात फवारणी करताना कीटकनाशकाची बाधा झाली तर अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं. ही खरी विषमुक्ती, आणि ती रुग्णालयातच होते. इथे विषाचं नाव माहीत असतं, ते रक्तात किती आहे हे मोजता येतं आणि उपचारानंतर किती उतरलं हेही सांगता येतं. बाजारातल्या डिटॉक्सवाल्याला एवढंच विचारून पाहा, “कोणतं विष काढणार? आणि गेलं हे कळणार कसं?” बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी डिटॉक्स आहारांवरचा तोवरचा अभ्यास एकत्र तपासला. अशा आहारांनी विषारी द्रव्यं बाहेर पडतात याला भक्कम पुरावा नाही, असाच त्यांचा निष्कर्ष होता.

पंचकर्म म्हणजे मसाज नव्हे

मग आपल्या पंचकर्माचं काय? इथे थोडं थांबून पाहायला हवं, कारण हॉटेलात आणि ब्यूटी पार्लरमध्ये ‘पंचकर्म’ या नावाने जे चालतं ते बहुधा नुसतं तेल लावणं असतं.

आयुर्वेदात उपचाराचे दोन भाग. दोष जागच्या जागी शांत करायचे ते शमन आणि बाहेर काढायचे ते शोधन. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही शोधनाची पाच कर्मं आपण ऐकतो. चरकसंहितेत बस्तीचेच निरूह आणि अनुवासन असे दोन प्रकार धरून पाच होतात, रक्तमोक्षणाला मान आहे तो सुश्रुताच्या परंपरेत. ऋतूही ठरलेले. वसंतात वमन, पावसाळ्यात बस्ती, शरदात विरेचन. आणि एक महत्त्वाची गोष्ट : वैद्य ज्याला ‘दोष’ किंवा ‘आम’ म्हणतात ते म्हणजे शिसं, पारा किंवा कीटकनाशक नव्हे. ती शरीराकडे पाहण्याची वेगळी भाषा आहे. तिला ‘टॉक्सिन’ हा शब्द चिकटवला की दोन्ही शास्त्रांचा घोटाळा होतो.

माझ्या अंगावर दर पावसाळ्याच्या अखेरीस पित्ताच्या गांधी उठायच्या. गोळी घेतली की जायच्या, पुन्हा यायच्या. शेवटी आयुर्वेद रुग्णालयात दाखवलं आणि वैद्यांनी शरदात विरेचन घ्यायला सांगितलं. आधी रक्त, लघवी, रक्तदाब, ईसीजी सगळं तपासलं. मग स्नेहपान. सकाळी सहा वाजता औषधी तूप. पहिल्या दिवशी ३० मिली, रोज वाढवत पाचव्या दिवशी १५०. वर फक्त गरम पाणी. पाचव्या दिवशी तुपाचा नुसता वास आला तरी मळमळायचं! कडकडून भूक लागल्याशिवाय जेवायचं नाही, तेही पातळ आणि गरम. पुढचे तीन दिवस अंगाला तेल आणि वाफ. त्यानंतरच्या सकाळी विरेचनाचं औषध. नर्स दर वेळेस नोंद करत होती, तासातासाला नाडी आणि रक्तदाब पाहत होती. चौदा वेग झाले. संध्याकाळी गळून गेल्यासारखं झालं होतं, पण पोट आणि डोकं हलकं.

खरी परीक्षा पुढेच असते. याला संसर्जन क्रम म्हणतात. आधी पेया म्हणजे तांदळाची अगदी पातळ पेज, मग जरा घट्ट विलेपी, मग मुगाचं कढण, असं पाच दिवस करत नेहमीच्या जेवणावर यायचं. घरात पाहुणे, समोर कुंद्याची थाळी आणि मी पेज पितेय! पण हा भाग चुकवला तर सगळं वाया, असं वैद्यांनी निक्षून सांगितलं होतं.

फायदा झाला का? त्या वर्षी गांधी बऱ्याच कमी उठल्या. हा गुण विरेचनाचा, की पंधरा दिवस पथ्याने खाल्ल्याचा, की वेळेवर झोपल्याचा, ते मी सांगू शकत नाही. पंचकर्मावर अभ्यास होतात, पण बरेचसे थोड्या रुग्णांवर झालेले आहेत. आपल्या शहरात तर याची परंपरा मोठी. शहापुरातलं श्री बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासूनचं आणि आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थाही बेळगावातच आहे. ज्यांना पंचकर्म करून घ्यायचंच असेल त्यांनी शिकलेल्या वैद्याकडे, रुग्णालयाची सोय असलेल्या ठिकाणीच जावं. गरोदर बाई, लहान मूल, फार अशक्त किंवा वृद्ध माणूस, हृदयविकाराचा रुग्ण यांना वमन-विरेचन देताना ग्रंथकारांनीही हात आखडता घेतला आहे.

निसर्गोपचाराची वाट

दुसरी परंपरा निसर्गोपचाराची. जर्मनीतल्या लुई कुह्ने यांचं म्हणणं असं होतं, की सगळ्या रोगांचं मूळ एकच, शरीरात साठलेला परका मळ. त्यावर कटिस्नान, वाफ आणि साधा आहार. कुह्ने आणि अडॉल्फ जुस्ट यांच्या पुस्तकांचा गांधीजींवर मोठा प्रभाव पडला. मातीच्या पट्ट्या, एनिमा, उपास यांचे प्रयोग त्यांनी स्वतःवर आणि आश्रमवासीयांवर केले. १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी ग्रामीण लोकांसाठी निसर्गोपचाराचं काम सुरू केलं आणि मणिभाई देसाईंनी ते पुढे वाढवलं. आपल्या भागातले कित्येक जण आजही दहा-पंधरा दिवस तिथल्या आश्रमात राहून येतात.

तिथून माणूस ताजातवाना होऊन येतो यात शंका नाही. पण नीट पाहिलं तर त्या दिवसांत तंबाखू नाही, चहा नाही, तळलेलं नाही, रात्री दहाला दिवे बंद, सकाळी फिरणं, घरची कटकट नाही. एवढं केलं तर कुणालाही बरं वाटेल! मातीच्या पट्टीने विष शोषलं असं मानायची गरज नाही.

उपासाबद्दल हल्ली आणखी एक गोष्ट सांगतात, ‘नोबेल मिळालंय त्याला’. २०१६ चं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं ते पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरतात या शोधाबद्दल, आणि तो अभ्यास मुख्यतः यीस्टवरचा. एकादशी करावी, जरूर करावी. पण साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू आणि तळलेले पापड खाऊन नोबेलचा दाखला देऊ नये!

वन्संची चौथी सकाळ

आता जे सांगणार आहे, त्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

माझ्या थोरल्या नणंदेला, वन्संना, बारा वर्षांपासून मधुमेह. वय ६२. साखरेची गोळी रोज, आणि रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी. शेजारच्या बायकांबरोबर त्या एका नऊ दिवसांच्या शुद्धी शिबिराला गेल्या. अन्न बंद. दिवसभर काकडी-कोहळ्याचा रस, लिंबूपाणी, रोज एनिमा. वन्संनी गोळ्या मात्र नेमाने चालू ठेवल्या. औषध चुकवायचं नाही ही त्यांची शिस्त.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना थकवा, डोकेदुखी, हातापायांना कंप. शिबिरात सांगण्यात आलं, की विष बाहेर पडताना असा त्रास होतोच, ते चांगलं लक्षण आहे, सोसा. चौथ्या दिवशी पहाटे त्या घामाने निथळलेल्या, असंबद्ध बोलत होत्या. त्यांच्या मुलाच्या, आमच्या भाच्याच्या, अंगात प्रसंगावधान. त्याने घरच्या यंत्रावर साखर मोजली. ४२! शुद्ध होती तोवर ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि सरळ रुग्णालयात नेलं. तिथे सोडियम-पोटॅशियमही घसरलेलं निघालं. त्या गोळीचा असर लांबतो, साखर पुन्हा पुन्हा उतरू शकते, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. वन्सं वाचल्या. अर्धा तास उशीर झाला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

मला राग आला तो उपासाचा नव्हे. राग आला तो ‘त्रास होणं म्हणजे गुण येणं’ या वाक्याचा. हे वाक्य एकदा मनात बसलं, की माणूस धोक्याची घंटा ऐकूच शकत नाही. जितकं जास्त खालावेल तितकं बरं, असं त्याला वाटायला लागतं. साध्या जुलाबातही आपण मीठ-साखरेचं पाणी देतो, आणि इथे जुलाब करवून वर उपाशी ठेवतो!

रस प्यावा, पण चाखून

‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’ असं म्हणणाऱ्यांसाठी तीन उदाहरणं.

पहिलं दुधीचं. दुधी भोपळा, काकडी या वर्गातल्या फळांत कुकुर्बिटॅसिन नावाचं कडू द्रव्य असतं. एखाद्या दुधीत ते फार वाढलेलं असतं. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला सोपा आहे. रस काढण्याआधी कच्च्या दुधीचा लहान तुकडा चाखा. कडू लागला तर सबंध दुधी फेकून द्या. कडूपणा झाकायला त्यात दुसरा रस मिसळू नका. पिऊन उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा झाला तर लगेच रुग्णालय गाठा. यावर उतारा असं औषध नाही.

दुसरं बिलिंबीचं, गोव्याकडे ज्याला बिंबल म्हणतात. आमटीत दोन-चार घालणं वेगळं आणि कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून पेलाभर रस पिणं वेगळं. तिच्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं. असा दाट रस प्यायल्याने मूत्रपिंडं अचानक बंद पडलेल्या केरळातल्या दहा रुग्णांची माहिती २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या काहींना डायलिसिस करावं लागलं. करमलांचंही तसंच, विशेषतः ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत त्यांनी सांभाळावं.

तिसरं गुळवेलीचं. कोरोनाच्या काळात घराघरांत काढे उकळले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, वनस्पती नीट ओळखली गेली नसावी असं त्यांचं म्हणणं पडलं. वाद तज्ज्ञांचा आहे. पण आपल्यासाठी बोध सरळ आहे. कुंपणावरची कुठलीही वेल म्हणजे गुळवेल नव्हे, आणि महिनोन्‌महिने रोज काढा म्हणजे औषध नव्हे.

भस्मांचीही गोष्ट याच माळेतली. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणजे विष काढायला जायचं आणि घेऊन यायचं! नाव-गाव नसलेल्या पुड्या, ‘गुप्त’ औषधं घेऊच नका. औषधावर परवाना क्रमांक, घटक आणि तयार केल्याची तारीख छापलेली हवी.

पाण्याचा रंग बदलला म्हणून…

प्रदर्शनांत आता एक यंत्र दिसतं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचे, त्यात विजेची तार सोडायची, अर्ध्या तासात पाणी गढूळ तांबूस होतं. ‘बघा, तुमच्या अंगातलं विष!’ तो रंग तारेच्या टोकाशी असलेला धातू झिजून येतो. पाय न घालता यंत्र चालवा, तरी पाणी तांबूस होईल. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या पाण्यात शरीरातून आलेली विषारी द्रव्यं सापडली नाहीत.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘पित्ताशयातले खडे’ पाडण्याचा प्रयोगही असाच. हिरवे मऊ गोळे खरोखर पडतात. पण २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी ते तपासून सांगितलं, की हे खडे नव्हेत, त्याच तेलाचा पोटात तयार झालेला साबण आहे.

जलनेतीचा आनंद मात्र वेगळा, सर्दीच्या माणसाला ती आराम देते. पण पाणी उकळून थंड केलेलंच हवं. २०११ साली अमेरिकेत नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा मेंदूत अमीबा शिरून मृत्यू झाला.

आधी विष आत घालणं थांबवू

आपण निपाणीच्या तंबाखूच्या मुलखातली माणसं. आपल्याकडे आजही कितीतरी बायका सकाळी दातांना मिसरी लावतात आणि ‘मी तंबाखू खात नाही’ असं म्हणतात. भाजलेली असली तरी मिसरी ही तंबाखूच. खेड्यात चुलीचा धूर, शेतात तोंडाला फडकं न बांधता केलेली फवारणी, घरात मनाने घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या. ही खरी विषं. त्यांना नाव आहे, पत्ता आहे. मिसरीची डबी फेकून देणारी बाई कोणत्याही शिबिरापेक्षा मोठी शुद्धी करते, आणि तीही एक पैसा न घालवता!

जाता जाता, कापून फ्रिजवर लावावं असं थोडं :

• मधुमेह, रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल तर उपास, जुलाब, एनिमा यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. चालू गोळ्यांची यादी वैद्यांनाही दाखवा.

• कुणी ‘सगळ्या गोळ्या बंद करा’ म्हणाला तर तिथून उठा.

• घाम, कंप, भोवळ, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, सतत उलट्या, डोळे पिवळे दिसणं हे ‘विष बाहेर पडणं’ नव्हे. लगेच डॉक्टरकडे जा.

• मधुमेह्याला अशी लक्षणं दिसली आणि तो शुद्धीवर असेल तर आधी साखर द्या, मग बाकीचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालयात न्या.

• गरोदरपणात आणि अंगावर पाजताना कसलीही शुद्धी नको.

• रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, भरपूर पालेभाज्या, तहानेप्रमाणे पाणी, रोज अर्धा तास चालणं, सात तास झोप.

शेवटच्या ओळीत नवं काहीच नाही, हे मला ठाऊक आहे. ते सांगायला कुणी पैसेही घेणार नाही. पण आपलं यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस, सणावारी सुट्टी न घेता राबत असतात. त्यांना आपल्याकडून एवढीच मदत हवी असते.